मॉडेल बोटीच्या आतल्या पट्ट्या कशाच्या करायच्या?

रिमोटवर चालणाऱ्या फायबरग्लासच्या रेसिंग बोटीत मोटरचा सगळा भार आतल्या दोन पट्ट्यांवर येतो. ॲल्युमिनियमचा अँगल बसवायला सोपा, आणि गोव्यातल्या मयेच्या तळ्याच्या गोड्या पाण्यात चालतोही. पण बोट मांडवीत उतरवणार असाल तर सांभाळा. खाऱ्या पाण्याने त्याच्यावर पांढरी भुकटी धरते. कार्बन फायबर थेट चिकटून असेल तर आणखी लवकर. दोघांच्या मध्ये काचकापडाचा थर द्याच.

माझा कल मरीन प्लायकडे. तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या साधारण पाव वजनाचं, थरथर जिरवतं आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) त्याला घट्ट धरते. मात्र स्क्रूच्या भोकांची आतली कडसुद्धा इपॉक्सीने भिजवा. माझ्या एका बोटीचं प्लाय पावसाळ्यात नेमकं तिथूनच फुगलं, तेही बोट कपाटात असताना! घरात सागाचे तुकडे असतात, पण साग तेलकट; चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसाच.

हलचा, म्हणजे बोटीच्या कवचाचा, आतला भाग 80 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून चमक घालवा. कार्बनच्या पट्ट्या घातल्यात तर रिसीव्हरची अँटेना त्यांच्या आड ठेवू नका, 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल अडतो.