बोटाचं टोक गेलंय आणि गिटारवर हेवी मेटल वाजवायचंय? आधी तारा सैल करा

माझ्या डाव्या अनामिकेचं टोक नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसखाली गेलं, नखापर्यंत, आणि टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरला पहिला प्रश्न गिटारचाच विचारला तर ते म्हणाले आधी सूज तर उतरू दे बाबा. म्हणून पहिली गोष्ट हीच, जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत गिटार खुंटीला. तेवढ्या महिन्यांत मी टोनी आयोमीबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारिस्ट, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, जन्म 1948 चा. गाव कारखान्यांचं, आपल्या सातपूर-अंबडसारखंच समजा. वय 17, शीट मेटलच्या कंपनीत कामाचा शेवटचा दिवस, दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं मनात नव्हतं पण आई म्हणाली दिवस पूर्ण करून ये, आणि नेमकी प्रेसवाली बाई आली नव्हती म्हणून याला मशीनवर बसवलं. (ही गोष्ट आमच्या शॉपमध्ये सांगितली की सगळे गप्प होतात, कारण असं "आज जरा तू बस" प्रत्येकाने ऐकलेलं असतं.) उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. उजवा होता म्हणून वाचला असं वाटेल पण भाऊ डावखुरा, तारा दाबायचा हात तोच. मग त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारिस्टची रेकॉर्ड ऐकवली, 1928 च्या आगीत त्या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती आणि तरी तो तसला वाजवायचा.

आता टोपी. आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या आणि वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. मी प्लास्टिक वितळवायच्या भानगडीत पडलो नाही, मेडिकलमधून सिलिकॉनची बोटाची टोपी आणली, पण नुसती सिलिकॉन तारेला चिकटते, स्लाइड करताना बोट अडकतं. मग पंचवटीत एका चपला शिवणाऱ्या काकांकडून पातळ चामड्याचा तुकडा घेतला आणि टोकावर लावला. जाड चामडं नको, तार कुठे आहे ते कळतच नाही. पातळसुद्धा पहिले काही दिवस परकं वाटतं, तिथे धीर धरा.

खरा आराम तारांत आहे. त्याच्या काळात पातळ तारांचे सेट सहज मिळत नव्हते म्हणून त्याने बँजोच्या तारा लावल्या, आपल्याला दुकानात सरळ 9-42 चा सेट मागता येतो (आकडे सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). 10 पासूनचा जाड सेट असेल तर तो काढा आणि मग ट्यूनिंग खाली आणा, म्हणजे तारा सैल करा. सॅबथचा 1970 चा पहिला अल्बम नॉर्मल ट्यूनिंगचा, 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये मात्र काही गाण्यांना तीन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे अर्धा स्वर) खाली, म्हणजे ई ची तार सी शार्पवर. तुम्ही आधी एकच सेमीटोन उतरवा, आठवडाभर वाजवा, मग पुढे. मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप पुरतं.

इथे गडबड होते ती सांगतो. ताण कमी झाला की नेक (गिटारची मान) मागे जातो आणि तारा फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांना, लागून खर्र करतात. आधी ब्रिजवरची सॅडल (तार जिच्यावर टेकते ती) थोडी वर घ्या, तरी नाही गेलं तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पाव फेरा सैल, त्याच्यावर नाही, आणि एक दिवस थांबून बघा. मग 12 व्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ताडून बघा, दाबलेला चढा असला तर सॅडल मागे, उतरा असला तर पुढे. फ्लॉइड रोज, म्हणजे स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज असेल तर माझं ऐका, जाणकाराकडे द्या, मी स्वतः करायला गेलो आणि अख्खा शनिवार, म्हणजे आमची आठवड्याची एकमेव सुट्टी, स्प्रिंगांत गेली.

वाजवताना पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि पाचवा, दोनच तारा. दुखरं बोट जिथे नको तिथे आपोआप वाचतं. आणि हळू दाबा, सैल तार जोरात दाबली की स्वर चढतो, मला हेच सुटायला सगळ्यात वेळ लागला कारण शॉपमध्ये आपल्याला सगळं जोर लावूनच करायची सवय. पाम म्यूटला, म्हणजे तळहाताने तारा दबक्या वाजवायला, तळहाताची कड ब्रिजच्या अगदी जवळ. अ‍ॅम्पचा गेन (आवाज फाटका करणारा नॉब) वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा, नाहीतर रिफ न ऐकू येता नुसती माशी घोंगावते. रात्री हेडफोन, कारण चाळीत सगळ्यांची पहिली शिफ्ट असते.

बँड असेल तर ट्यूनिंग खाली आणलंय हे बेसवाल्याला आधी सांगून ठेवा. आमचा नॉर्मलमध्येच वाजवत बसला, अर्धा तास सगळ्यांनी माझ्या बोटाला दोष दिला.