व्हीव्हीटी इंजिनाची पॉवर सलग हवी? ट्यूनिंगमधल्या या चुका टाळा

गाडी मधल्या आरपीएमला अडखळते आणि मग एकदम झटका देऊन पळते, अशी तक्रार आली की बरेच जण लॅपटॉप जोडून थेट मॅप (ईसीयू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंगची टेबलं) बदलायला बसतात. घाई इथेच नडते. व्हीव्हीटी म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चालत्या इंजिनात बदलणारी यंत्रणा. अशा बहुतेक इंजिनांत कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलणारा फेझर इंजिन ऑइलच्या दाबावर फिरतो. ऑइल चुकीच्या ग्रेडचं असेल किंवा कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत गाळ बसला असेल, तर मॅप कितीही चांगला असो, कॅम वेळेत जागेवर येत नाही. आधी लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाची नोंद, काढा. ईसीयूने मागितलेला कोन आणि कॅमचा प्रत्यक्ष कोन एकाच ग्राफवर बघा. प्रत्यक्ष रेष मागे राहत असेल किंवा सारखी वरखाली होत असेल, तर ट्यूनिंग थांबवून आधी ते दुरुस्त करा. पी००१६ कोड (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा) दिसला तर टायमिंग चेनही तपासा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: कॅमचा कोन बदलायचा आणि पेट्रोल-इग्निशन तसंच ठेवायचं. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढला की जळालेला वायू सिलिंडरमध्ये जास्त उरतो, ज्वलन मंदावतं, म्हणून स्पार्क थोडा आधी द्यावा लागतो, म्हणजे ॲडव्हान्स वाढवावा लागतो. पुढे ओव्हरलॅप कमी केला आणि तोच ॲडव्हान्स राहू दिला, तर नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊ शकतं. मॅप सेन्सरवर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या ईसीयूत तर हवेचा हिशोबच बदलतो, व्हीई टेबल (सिलिंडर हवेने किती भरतो याचं टेबल) नव्याने बसवावं लागतं.

आयडलिंगला ओव्हरलॅप कमीच ठेवा, नाहीतर इंजिन थरथरतं.

होंडाच्या व्हीटेकसारख्या, कॅमचा लोबच (व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटाच) बदलणाऱ्या इंजिनांत 'किक' जाणवावी म्हणून स्विचओव्हर, म्हणजे छोट्या लोबवरून मोठ्यावर जाणं, मुद्दाम उशिरा ठेवतात. माझ्या मते हा शुद्ध तोटा आहे. तो झटका म्हणजे त्याआधी पडलेला टॉर्कचा खड्डा. डायनोवर (पॉवर आणि टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) एक रन फक्त छोट्या लोबवर, दुसरा फक्त मोठ्या लोबवर काढा. दोन्ही टॉर्करेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच स्विचओव्हर लावा.

कॅम टेबलमध्ये शेजारच्या दोन घरांत मोठी उडी ठेवू नका, फेझर तेवढ्या वेगाने धावत नाही. आणि फक्त फुल थ्रॉटलवर ट्यून करून गाडी परत देऊ नका. रोजचं चालवणं अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर होतं. तिथे आरपीएम आणि थ्रॉटल स्थिर धरा, कॅम दोन-तीन अंशांनी सरकवा, दर वेळी मिश्रण आणि स्पार्क जुळवा, मगच टॉर्कची तुलना करा.