फेसच्या मदिनेत मुक्काम ठरवताना

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या मदिनेत, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात, राहायची जागा शोधायला बसलं की फोटो बघूनच जीव हरखतो. चौकात कारंजं, भिंतींवर बारीक रंगीत फरशीचं नक्षीकाम, देवदाराचे कोरीव दरवाजे, गच्चीवर चहाची किटली. असे फोटो जवळपास प्रत्येक रियादचे, म्हणजे चौकाभोवती बांधलेल्या जुन्या घराचे, असतात, म्हणून ते बघून जागा ठरवू नका. टॅक्सी जिथे थांबते तिथून घराच्या दारापर्यंत किती चालावं लागतं, वाटेत पायऱ्या किती, चढ आहे की उतार, हे आधी विचारा. पूर्वेकडची जुनी मदिना, म्हणजे फेस अल-बाली, वाहनांसाठी बांधलेलीच नाही. आत नऊ हजारांच्या वर बोळ असल्याचं सांगतात, आणि त्यांतून माणसं, खेचरं आणि हातगाड्याच जाऊ शकतात.

मी हे स्वतः ठेच खाऊन शिकले. आईला घेऊन गेले होते. घराच्या माहितीत ‘वेशीपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्या पाच मिनिटांत मोजून बहात्तर पायऱ्या उतरायच्या होत्या, त्यातल्या कित्येक झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि वरून पाऊस. आई भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरली. घर सुंदर होतं, माणसं प्रेमळ होती, पण पुढचे तीन दिवस ती दिवसातून एकदाच बाहेर पडली. ती चूक माझी होती, कारण पायऱ्यांबद्दल मी विचारलंच नव्हतं.

तयारी तारखांपासून सुरू करा. फेस समुद्रापासून आत, साधारण चारशे मीटर उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री अक्षरशः कुडकुडायला होतं. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चालायला सर्वांत चांगले. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे आध्यात्मिक संगीताचा मोठा महोत्सव भरतो. 1994 पासून चालत आलेला हा महोत्सव ऐकण्यासारखा आहे, पण त्या आठवड्यात चांगल्या खोल्या फार आधी भरतात. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून तुमच्या तारखा त्यात येतात का ते पाहून घ्या. त्या महिन्यात दिवसा बरीच खाण्याची दुकानं बंद असतात आणि गल्ल्या सूर्यास्तानंतर जाग्या होतात. मला तो काळ आवडतो, पण लहान मुलं बरोबर असतील तर दुपारचं जेवण राहत्या घरीच मिळेल का हे आधी पक्कं करा.

मग भाग निवडा. सर्वांत जास्त वेळ इथेच द्या, कारण मदिना एखाद्या खोलगट ताटासारखी आहे. कडा उंच, आणि मध्यभागी अल-करावियिन मशीद. परंपरेने तिची स्थापना 859 सालची मानतात आणि ती फातिमा अल-फिहरी या स्त्रीने केली असं सांगतात. पश्चिमेला उंचावर बाब बूजलूद ही वेस. बाहेरून निळी, आतून हिरवी. आजची कमान 1913 सालची, म्हणजे शहराच्या मानाने कालचीच. या वेशीतून तालआ कबीरा आणि तालआ सगीरा अशा दोन मुख्य वाटा खाली उतरतात. बूजलूद किंवा शेजारच्या बत्हा चौकाजवळ राहिलात तर टॅक्सी जवळ, खाण्याची ठिकाणं जवळ, सामान ओढायचं अंतर कमी. दिवसभर उतरत शहर बघायचं, संध्याकाळी मात्र दमलेल्या पायांनी चढ चढायचा. रसीफ चौक ताटाच्या तळाशी आहे, आणि तिथपर्यंतही टॅक्सी येते. तिथे राहणाऱ्याला सकाळी चढ आणि संध्याकाळी उतार. माझ्या आईसाठी आता निवडायचं झालं तर मी रसीफजवळचं, चौकापासून दोन-तीन वळणांवरचं घर घेईन. थकल्यावर वरच्या वेशीपासून टॅक्सीत बसून खाली यायचं, की काम झालं.

दोन्ही तालआंच्या मधल्या पट्ट्यात जुन्या मदिनेचा खरा जीव आहे. सकाळी भट्टीवर पाव भाजायला नेणारी मुलं, पितळेवर पडणारे ठोके, ‘बालाक, बालाक’ म्हणत येणारा खेचरवाला. त्याचा अर्थ ‘बाजूला व्हा’. तो ऐकला की भिंतीला चिकटायचं, मागे वळून बघत बसायचं नाही. पण इथे गाडी कुठूनच येत नाही. फक्त तालआ कबीराजवळ आइन अझलितेन इथे वाहनतळ आहे. त्याच्या जवळचं घर मिळालं तर दोन्ही गोष्टी साधतात. उत्तरेच्या बाब गिस्साकडे चढ खडे आहेत, गुडघे दुखत असतील तर तिकडे जाऊ नका. चामडं कमावण्याच्या शुवारा कुंडांच्या अगदी शेजारी घर घेण्याआधी दोनदा विचार करा. तिथे कातडी मऊ करायला अजूनही कबुतरांची विष्ठा आणि चुना वापरतात, आणि उन्हाळ्यात तो वास खिडकी बंद करून थांबत नाही.

नदीपलीकडे अंदलुसी मोहल्ला आहे. 818 च्या सुमारास कोर्दोबातून हाकलले गेलेले लोक इथे वसले, म्हणून हे नाव. प्रवासी कमी, राहती वस्ती जास्त. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला मी हाच भाग सुचवेन. फेस अल-जदीद म्हणजे ‘नवं फेस’, पण तेही 1276 सालचं. मेल्लाह, म्हणजे जुनी ज्यू वस्ती, तिथेच. आणि फ्रेंच संरक्षित राजवट 1912 मध्ये आल्यावर गोऱ्या लोकांसाठी बाहेर वेगळं शहर उभं राहिलं. त्यामागची वृत्ती काहीही असो, जुनी मदिना पाडापाडीतून वाचली ती त्यामुळेच, आणि 1981 मध्ये ती जागतिक वारशात आली. रेल्वे स्टेशन त्या नव्या शहरात आहे. लिफ्ट हवी असेल, रात्री उशिरा पोहोचणार असाल किंवा पहाटेची गाडी असेल, तर एक रात्र तिथल्या साध्या हॉटेलात काढण्यात कमीपणा नाही. सगळा मुक्काम मात्र तिथे करू नका. मदिना कळायची तर सकाळी सातला दुकानं उघडण्याआधी दाराबाहेर पडता आलं पाहिजे.

आता घराची रचना. ज्यांनी पुण्यातला किंवा वाईतला चौसोपी वाडा आतून पाहिला आहे त्यांना रियाद समजावून सांगायला नको. बाहेरून उघडीबोडकी भिंत, आत चौक, चौकाभोवती खोल्या, वर गच्ची. मोठ्या दाराला लहान दिंडी दरवाजा, आणि आत शिरलं की वाट वळते, म्हणजे रस्त्यावरून घरातलं दिसू नये. पहिल्यांदा त्या दिंडीतून वाकून आत गेले तेव्हा मला आजोळच आठवलं. काटेकोरपणे बोलायचं तर चौकात बाग असेल तो रियाद, नुसता फरसबंद चौक असेल ते ‘दार’, म्हणजे अरबीत घर. जाहिरातीत दोन्हींना सर्रास रियाद म्हणतात, त्यामुळे झाडं हवी असतील तर विचारून घ्या.

वाड्याचे गुण घेतले तसे अडचणीही घ्याव्या लागतात. खोलीच्या खिडक्या चौकाकडे उघडतात, रस्त्याकडे नाहीत. तळमजल्याची खोली उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात बर्फ, आणि सकाळच्या नाश्त्याच्या बशा जणू उशाशी वाजतात. वरच्या मजल्यावर उजेड असतो, पण जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि प्रत्येकीची उंची वेगळी. काही जुन्या घरांत न्हाणीघर आणि खोली यांच्यामध्ये दार नसतं, नुसता पडदा असतो. नवराबायकोला चालेल, पण सासू-सासऱ्यांबरोबर एका खोलीत असाल तर फार अवघडल्यासारखं होतं.

म्हणून पैसे भरण्याआधी मालकाला एकच नीट निरोप पाठवा, आणि त्यात हे सगळं विचारा. टॅक्सी कुठपर्यंत येते आणि तिथून किती मिनिटं चालायचं? वाटेत पायऱ्या किती? खोली कोणत्या मजल्यावर, खिडकी कुठे उघडते? गरम-गार हवेचं यंत्र खोलीतच आहे की हिवाळ्यात फक्त चौकात शेगडी ठेवतात? गरम पाणी दिवसभर येतं का? शौचालयात पाण्याची फवारणी आहे का? घ्यायला वेशीपर्यंत माणूस येईल का, आणि त्याचे पैसे वेगळे का? उत्तर कसं येतं त्यावरून घर बरंच कळतं. ‘काळजी करू नका, सगळं जवळ आहे’ एवढंच उत्तर आलं तर मी ते घर सोडून देते. ज्या बाईंनी मला वेशीपासून दारापर्यंतचे टप्प्याटप्प्याचे सहा फोटो पाठवले, त्यांच्याकडे मी दोनदा राहिले.

शाकाहारी असाल तर तेही याच निरोपात लिहा, आणि उलगडून लिहा. तिथे भाज्यांचं ताजीन किंवा कुसकुस मागवलं तरी ते मांसाच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं, हरिरा सूपमध्येही मांस असतं. ‘मांस नको’ म्हणजे मटणाचे तुकडे नकोत, एवढंच समजलं जातं. ‘मांस नको आणि मांसाचा रस्साही नको’ असं स्पष्ट सांगा. तोंडी सांगताना ‘ब्ला लहम’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द उपयोगी पडतात. घरात रात्रीचं जेवण आधी सांगून करून मिळतं का ते बघा. वांग्याचं झालूक आपल्या भरताची सख्खी बहीण, सुक्या बाकल्याचं बिसारा थंडीत पोटाला आधार देतं, आणि नाश्त्याचा मसेम्मन म्हणजे पदर सुटलेली चौकोनी पोळीच. आईने पहिल्या सकाळी तो मधाबरोबर तीन खाल्ले.

बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या, निदान व्हिसा हातात पडेपर्यंत. पासपोर्टच्या दोन प्रती ठेवा. पोहोचल्यावर प्रत्येक घरी नोंदणीचा कागद भरून घेतात. दर माणशी दर रात्रीचा पर्यटन कर पुष्कळदा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो आणि रोख मागतात, तेव्हा तो किती हे आधीच विचारा. दिऱ्हम मोरोक्कोतच मिळवायचा आणि तिथेच संपवायचा. सर्वांत लहान नोट वीसची आहे. विमानतळावरच थोड्या विसाच्या नोटा आणि नाणी सुटी करून घ्या, कारण हातगाडीवाल्याला दोनशेची नोट देऊन सुटे मागणं त्याच्यावर अन्याय आहे.

सामान कमी करा. चाकांची बॅग दगडी फरसबंदीवर आणि पायऱ्यांवर निव्वळ ओझं होते. पाठीवरची पिशवी बरी. मोठी बॅग असेलच तर वेशीवर हातगाडी मिळते, पण भाडं आधी ठरवा. तळ न घसरणारे बूट घ्या. मोरोक्कोत युरोपसारखे दोन गोल पिनांचे प्लग चालतात. आपली बारीक दोन पिनांची चार्जरची पिन बहुधा बसते, जाड तीन पिनांची नाही. पहाटेच्या अजानने झोपमोड होत असेल तर कानात घालायचे बोळे घ्या. आजूबाजूला मशिदी अनेक असतात आणि हाका एकामागून एक येतात. मला तो आवाज गच्चीवर बसून ऐकायला आवडतो.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मालकाचा फोन नंबर, घराचं नाव आणि देर्बचं, म्हणजे त्या बंद बोळाचं, नाव अरबीत लिहून मागवा आणि कागदावर उतरवून ठेवा. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. उंच भिंतींमध्ये तो निळा ठिपका भरकटतो आणि एखाद्या बंद दारासमोर नेऊन उभा करतो. पोहोचण्याची वेळ उजेडातली ठेवा. कासाब्लांकाहून रेल्वेने साधारण चार तास लागतात, तेव्हा दुपारपर्यंतची गाडी धरा. स्टेशनवरून लाल लहान टॅक्सी मीटरवर मिळते. तिच्यात तिघांपेक्षा जास्त जण घेत नाहीत, म्हणून चौघांच्या कुटुंबाने दोन टॅक्सींचा हिशोब धरावा. रात्री मीटरवर जादा आकार पडतो. वेशीवर एखादा मुलगा ‘पुढचा रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणेल. रस्ता बंद नसतो. हसून ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, म्हणा, तिथेच थांबा आणि घरून माणूस बोलावून घ्या.

तो घ्यायला आला की त्याच्याबरोबर चालताना खुणा लक्षात ठेवत जा: कुठे पाण्याचं सार्वजनिक कारंजं, कुठे पावाची भट्टी, कुठे कलत्या भिंतीला दिलेले लाकडी टेकू, कुठे वाकून जायचं छत. सामान खोलीत टाकून लगेच एकदा एकट्याने वेशीपर्यंत जाऊन परत या, अजून उजेड आहे तोवर. आणि निघायच्या आदल्या रात्री सकाळच्या हातगाडीचं सांगून ठेवा, कारण पहाटे वेशीबाहेर टॅक्सी मिळेल, पण आत बोळात तुमच्या बॅगा उचलायला कोणी जागं नसेल.