वाय-फायसाठी १, ६ किंवा ११ हेच चॅनेल का निवडावेत

दाटीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरील चॅनेल १ आणि ६ शेजाऱ्यांनी व्यापलेले दिसले की मधला ३ किंवा ४ मोकळा समजून राउटर त्यावर ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. या पट्ट्यातील लगतच्या चॅनेलांच्या मध्यवर्ती वारंवारतांत केवळ ५ मेगाहर्ट्‌झचे अंतर असते, तर प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते, त्यामुळे चॅनेल ३ दोन्ही बाजूंच्या संदेशांत घुसतो. १, ६ आणि ११ मात्र एकमेकांपासून २५ मेगाहर्ट्‌झ दूर असल्याने परस्परांत घुसत नाहीत.

वाय-फाय उपकरणे बोलण्यापूर्वी ऐकतात. एकाच चॅनेलवरील दोन राउटर परस्परांच्या संदेशांचा आरंभ ओळखून, त्यात नमूद केलेल्या कालावधीपुरते थांबतात आणि वेळ वाटून घेतात. वेग घटतो, पण वाटणी टिकते. अर्धवट व्यापणाऱ्या चॅनेलचा संदेश मात्र उलगडता येत नाही, तो निव्वळ गोंगाट ठरतो, आणि अशी अनोळखी ऊर्जा ओळखीच्या संदेशाच्या मर्यादेपेक्षा २० डेसिबलने (शंभरपट) प्रबळ असेल तरच उपकरण थांबत असल्याने दोघेही एकाच वेळी बोलतात, चौकटी (संदेशाचे तुकडे) बिघडतात व पुन्हा पाठवाव्या लागतात. म्हणजे गजबजलेला चॅनेल ६ हा वरवर रिकाम्या भासणाऱ्या ३ पेक्षा बहुधा बरा.

रुंद चॅनेल आणखी शेजाऱ्यांत घुसतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी ‘ऑटो’ऐवजी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात गळती करतो आणि तो कोणाचे ऐकून थांबत नाही. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्‌झ वापरावा.