परदेशी पार्टीचा सेफ्टी फॉर्म आला तर आधी शेडमध्ये चक्कर मारा

एक्स्पोर्टची ऑर्डर दिसायला लागली की पार्टी, म्हणजे माल घेणारी परदेशी कंपनी, आधी एक लांबलचक फॉर्म पाठवते, आयएलओचे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे) नियम पाळता का, आयएसओ ४५००१ (कामाच्या जागेच्या सेफ्टी व्यवस्थेचं सर्टिफिकेट) आहे का वगैरे, आणि आपले नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी एमआयडीसीतले छोटे शेडवाले घाबरून लगेच कन्सल्टंट शोधतात. भाऊ, थांबा जरा.

पहिली गोष्ट, आयएलओ कोणत्याच कंपनीला सर्टिफिकेट देत नाही. त्यांचे करार सरकारांसाठी असतात. सेफ्टीचे मेन दोन, १९८१ चा नंबर १५५ आणि २००६ चा नंबर १८७, हे २०२२ मध्ये मूलभूत ठरवले गेले पण भारताने दोन्हीला मंजुरी दिलेली नाही. लेबर इन्स्पेक्शनचा ८१ नंबरचा मात्र १९४९ लाच मान्य केलाय. म्हणून फॉर्मवर 'आयएलओ सर्टिफाईड' लिहू नका, आपला भारतातला कायदा लिहा, म्हणजे २०२० चा ओएसएच कोड (कामाच्या जागेची सेफ्टी, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीचा कायदा), जो २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय. पॉवरवर काम आणि २० कामगार असले की फॅक्टरी, आणि त्याहून कमी असले तरी १० किंवा जास्त कामगारांवर आस्थापना म्हणून कोड लागतोच, त्यामुळे 'आमचं तर छोटंसं शेड आहे' हे चालत नाही.

आता चक्कर. मॅनेजरला नका घेऊ, जो मशीन चालवतो त्याला सोबत घ्या, गार्ड (मशीनच्या फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण) कधी काढून ठेवतात ते त्यालाच माहीत असतं. बेल्टवर जाळी आहे का, ग्राइंडरचा टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) चाकापासून ३ मिमीच्या आत आहे का, पॉवर प्रेसवर डाय (साचा) सेट करताना मेन स्विच बंद करून लॉक लावतात का. आणि एक गोष्ट खूप ठिकाणी उलटी दिसते, ड्रिल मशीनवर हातमोजे! सेफ्टी म्हणून घालायला लावतात आणि फिरत्या बिटमध्ये मोज्याचं टोक अडकलं की हात आत ओढला जातो. ड्रिल, लेथवर मोजे नकोत, बाह्या घट्ट, डोळ्याला चष्मा.

मग पाणी आणि संडास. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये साधा नियम होता, प्यायचं पाणी संडास-मोरीपासून ६ मीटर लांब. टेप घेऊन मोजा, निम्म्या शेडमध्ये इथेच गाडी अडते. त्याच ॲक्टमध्ये थंड पाण्याची सक्ती २५० च्या वर कामगार असले तरच होती, पण नागपुरात मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला आणि वर टिनाचं छत, तिथे बारा माणसं असली तरी थंड पाणी लागतंच ना. कूलरच्या टाकीचं पाणी कोणी पिणार नाही याची सोय करा, वरची टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच लिहा, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वेल्डिंगसारखं गरम काम सकाळी लवकर उरकून घ्या. बाया काम करत असतील तर वेगळा संडास, आतून कडी लागणारा, आणि साबण. साबण म्हणजे खरंच साबण, रिकामी डबी नाही.

बूट-हेल्मेटचे पैसे पगारातून कापत असाल तर आजच बंद करा. करार १५५ च्या कलम २१ मध्ये सेफ्टीचा खर्च कामगारावर टाकायचा नाही असं आहे आणि आपल्या कोडमध्येही तेच आहे, परदेशी ऑडिटर तर हे पगाराच्या स्लिपवरूनच पकडतो. घेताना हेल्मेटवर आयएस २९२५ आणि बुटावर आयएस १५२९८ बघून घ्या.

रजिस्टर एकच पण खरं ठेवा, बोट चिरलं तेही लिहा आणि थोडक्यात वाचलो तेही. कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही असा अपघात झाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं, दाबून ठेवायचं नाही.

आयएसओ ४५००१ ऐच्छिक आहे, नसेल तर 'नाही' लिहा आणि सोबत गार्डचे फोटो, पाण्याचा टेस्ट रिपोर्ट, नियुक्तीपत्राची एक कॉपी आणि रजिस्टरची दोन पानं जोडा, कामगारांची नावं झाकून.