होस्टचं डीडॉस संरक्षण तपासताना: साइट तुमची, सर्व्हर शेजाऱ्यांचाही

लातूर, नांदेड, बीडकडच्या कॉलेजांतून डिप्लोमा किंवा बीसीए करून सायबर सुरक्षेत येणाऱ्यांना एक मोह हमखास होतो. होस्टिंग कंपनी (होस्ट, म्हणजे आपली साइट ज्यांच्या सर्व्हरवर असते ते) ‘डीडॉस संरक्षण मोफत’ असं लिहिते. डीडॉस म्हणजे अनेक ठिकाणांहून एकदम ट्रॅफिकचा मारा करून साइट बंद पाडणं. तर जरा मारून बघू, किती टिकतंय ते कळेल. साइट आपली, पैसे आपण भरतो, मग कुणाला विचारायचं कशाला?

बोअरचा हिशोब इथंही लागू पडतो. रान तुमचं, मोटार तुमची, पण खालचा झरा सगळ्या शिवाराचा. तुम्ही रात्रभर उपसा केला की शेजाऱ्याची मोटार गचके खाते. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर, बऱ्याचदा एकाच आयपीवर (नेटवरच्या पत्त्यावर), कित्येक साइट बसलेल्या असतात. ट्रॅफिक फारच वाढला तर होस्ट त्या आयपीला नल रूट करतो, म्हणजे तिकडं येणारं सगळंच टाकून देतो. होस्टचं नेटवर्क वाचतं. पण त्या आयपीवरच्या दवाखान्याचं नंबर लावायचं पानही बंद पडतं आणि त्यांना कारण कळतही नाही.

त्यामुळे साइटमालकाची परवानगी पुरत नाही, होस्टचीही लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय नेटवर्क विस्कळीत करण्याबद्दल बोलतं. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार होस्टला असे प्रकार तिला ६ तासांत कळवावे लागतात. होस्टला आधी सांगितलं नसेल, तर तुमचा अभ्यास त्यांच्या नोंदीत हल्ला म्हणूनच चढतो.

परवानगी फोनवर घेऊ नका, ईमेलवर घ्या. त्यात डोमेन आणि आयपी, तारीख, सुरू आणि बंद व्हायची वेळ, सेकंदाला जास्तीत जास्त किती रिक्वेस्ट, चाचणी कोणत्या आयपीवरून येणार, आणि ‘थांबवा’ म्हणायला दोन्हीकडचे फोन नंबर हवेत. रात्री दोनची वेळ सगळ्यांना सोयीची वाटते, पण बॅकअपही बहुधा तेव्हाच चालतात. वेळ होस्टलाच ठरवू द्या. शेअर्ड प्लॅनवर उत्तर बहुतेक ‘नाही’ असंच येईल. तेव्हा वाद घालू नका, त्याच सेटिंगचा स्वतंत्र व्हीपीएस (फक्त तुमच्यासाठीचा आभासी सर्व्हर) घ्या आणि त्याच्या होस्टलाही विचारा.

काही गोष्टींना साइटमालक आणि होस्ट दोघं ‘हो’ म्हणाले तरी हात लावायचा नाही. खोटा सोर्स आयपी लावून एसवायएन फ्लड (जोडणी सुरू करायच्या अर्धवट विनंत्यांचा मारा) केला, की सर्व्हरची उत्तरं तो आयपी खरा ज्याचा आहे त्याच्याकडं जातात. रिफ्लेक्शनमध्ये डीएनएस (साइटच्या नावाचा आयपी सांगणारे) किंवा मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणारे) असे तिसऱ्याचेच सर्व्हर वापरून त्यांची उत्तरं लक्ष्यावर उलटवली जातात. २०१८ च्या फेब्रुवारीत गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर १.३५ टेराबिट प्रति सेकंदाचा हल्ला झाला तो असाच, उघड्या मेमकॅश्ड सर्व्हरांवरून. त्या सर्व्हरवाल्यांना कुणी विचारलेलं नसतं. पैसे घेऊन असा मारा करून देणाऱ्या भाड्याच्या ‘स्ट्रेसर’ साइटचंही तेच. ‘ही साइट माझी आहे’ या खुणेला तिथं काडीची किंमत नाही, आणि मागं अनेकदा हॅक झालेले कॅमेरे आणि राउटर असतात. एप्रिल २०१८ मध्ये वेबस्ट्रेसर ही सेवा पोलिसांनी बंद पाडली तेव्हा तिचे १ लाख ३६ हजार नोंदणीकृत ग्राहक होते, आणि पुढची चौकशी त्या ग्राहकांपर्यंतही गेली.

एसवायएन फ्लड समजून घ्यायचाच असेल तर लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन उभ्या करा, बाहेरचं नेट तोडा आणि १९८.१८.०.०/१५ ही रेंज वापरा. ती अशा मोजणीसाठीच राखून ठेवलेली आहे. एसवायएन कुकी (अशा माऱ्यापासूनचं सर्व्हरमधलं संरक्षण) चालू-बंद करून फरक पाहा. शिकण्यासारखं बहुतेक तिथंच आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी. घरच्या वायफायवरून केली तर तुम्ही स्वतःची लाइनच मोजता. आणि भारनियमन आपल्या पाचवीला पुजलेलं. दूरच्या व्हीपीएसवरून टेस्ट सोडली आणि घरी लाइट गेली, तर राउटर बंद, टेस्ट मात्र तिकडं चालूच. म्हणून वेळेची मर्यादा टूलमध्येच घाला. के-सिक्स या लोड चाचणीच्या टूलमध्ये कालावधी ५ मिनिटं, वर लिनक्सची टाइमआउट कमांड ३३० सेकंदांची. जेमीटर हे तसंच दुसरं टूल खिडकी उघडून नव्हे, कमांड लाइनवरून चालवा, नाहीतर तुमचंच मशीन आधी दमतं.

सेकंदाला २० रिक्वेस्टपासून सुरू करा, मग ५०, १००, २००, प्रत्येक पायरी ५ मिनिटं. आम्ही धरतो ती थांबायची रेघ अशी: पाचशेच्या घरातल्या (सर्व्हरकडच्या) एरर १ टक्क्याच्या वर, किंवा शंभरातल्या ९५ व्या रिक्वेस्टचा वेळ ३ सेकंदांच्या वर. रेघ आधी लिहून ठेवा. आकडे चढताना पाहिले की माणसाला चेव येतो.

नवखे फसतात ते इथं. नवी जोडणी सेकंदाला साधारण ४७० वर अडकते आणि ‘होस्टनं अडवलं’ असं रिपोर्टमध्ये लिहिलं जातं. खरं कारण तुमच्या मशीनवर असतं. लिनक्समध्ये मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच, म्हणजे २८,२३२ पोर्ट (जोडणीला मिळणारे क्रमांक) अशा जोडण्यांना मिळतात, आणि जोडणी बंद केल्यावर पोर्ट ६० सेकंद टाइम-वेट या थांबून राहायच्या अवस्थेत अडकतो. भागाकार करून बघा. कीप-अलाइव्ह (एकच जोडणी अनेक रिक्वेस्टसाठी चालू ठेवणं) वापरा किंवा दुसरं मशीन जोडा, आणि तो दुसरा आयपीही परवानगीत लिहून घ्या.

संरक्षण हल्ला अडवतं का, एवढंच पाहून उठू नका. खऱ्या माणसाला अडवतं का, हा प्रश्न आपल्याकडं जास्त महत्त्वाचा. इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एका आयपीला सेकंदाला १० रिक्वेस्ट आणि २० चा बर्स्ट (जास्तीच्या रिक्वेस्टची रांग), ही मर्यादा कागदावर शहाणी दिसते. आता लातूरच्या एखाद्या कॉलेजची लॅब घ्या: ४० संगणक, बाहेर जायला एकच आयपी. निकालाचं पान लागलं, सगळ्यांनी एकदम उघडलं. चित्रं, सीएसएस धरून पानाला २५ रिक्वेस्ट म्हटलं तरी हजार होतात. पहिल्या झटक्यात एक जाते, वीस रांगेत थांबतात, बाकीच्यांना ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. पोरांना वाटतं साइट पडली, आणि ती रिफ्रेश मारत बसतात. मोबाइलवरही हेच, कारण कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागं बसवतात. उपाय असा: चित्रं आणि सीएसएस मर्यादेतून वगळा, कडक मर्यादा लॉगिन आणि फॉर्म भरण्यावरच ठेवा, आणि कोड ५०३ ऐवजी ४२९ (‘फार रिक्वेस्ट’) करा, म्हणजे लॉगमध्ये अडवलेलं आणि पडलेलं वेगळं दिसेल.

संरक्षणात खरंच भोक सापडलं तर स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. होस्टला लेखी कळवा, सोबत वेळ, सोर्स आयपी आणि रिक्वेस्टचा दर द्या. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर पुन्हा कळवा, तरीही नाही तर सर्ट-इनकडं जा. ‘दुरुस्त झालं का’ हे पाहायला परवानगीशिवाय पुन्हा मारणं ही नवीच चाचणी ठरते.

चाचणी संपल्यावर होस्टनं तुमच्या आयपीला दिलेली सूट त्याच दिवशी काढून घ्यायला सांगा, खोटे भरलेले फॉर्म डेटाबेसमधून पुसा आणि क्लाउड असेल तर बाहेर गेलेल्या डेटाचं बिल कुणाच्या नावावर पडणार हे तपासा. खरं तर बिलाचा हा प्रश्न परवानगीच्या ईमेलमध्येच विचारून घ्यायचा असतो.