केबल दुसऱ्या सॉकेटला लावली की कॉम नंबर बदलतो: यूएसबी सिरियल पोर्ट वापरताना या चुका टाळा

काल चालणारं सॉफ्टवेअर आज म्हणतं, ‘पोर्ट सापडला नाही’. आर्डुइनोसारखा सर्किट बोर्ड तोच, केबल तीच, कॉम्प्युटरही तोच. फरक इतकाच, की कोणीतरी केबल काढून शेजारच्या सॉकेटमध्ये लावली आणि विंडोजने त्या जोडणीला (सिरियल पोर्टला) दिलेला कॉम नंबर कॉम३ चा कॉम११ झाला. इथे बरेच जण घाईघाईने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. ड्रायव्हरला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं, त्यामुळे वेळ जातो आणि नंबर आणखी एकदा बदलण्याची शक्यता वाढते.

मुळात कॉम नंबर ही उपकरणाची ओळख नाही. ओळख तीन गोष्टींवरून ठरते: कंपनीचा आयडी, उत्पादनाचा आयडी आणि सिरियल नंबर. बोर्डावरच्या यूएसबी-सिरियल जोडणी सांभाळणाऱ्या चिपमध्ये सिरियल नंबर असेल तर केबल कुठल्याही सॉकेटला लावा, विंडोज जुनाच कॉम नंबर देतं. नसेल तर विंडोज सॉकेटची जागाच ओळखीत धरतं. मग तोच बोर्ड दुसऱ्या सॉकेटमध्ये गेला की त्याच्या लेखी ते नवं उपकरण, आणि त्याला नवा नंबर. स्वस्त बोर्डांवर सर्रास दिसणाऱ्या सीएच३४० चिपमध्ये सहसा सिरियल नंबर नसतो. एफटीडीआय या कंपनीच्या चिपमध्ये सहसा असतो.

तुमच्याकडचं उपकरण कुठल्या प्रकारचं आहे हे बघायला मिनिटही लागत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स टॅबवर ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’ निवडा आणि शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा भाग वाचा. तिथे मध्ये मध्ये ‘अँड’ची (&) चिन्हं असलेली आकडे-अक्षरांची माळ दिसली, तर ती विंडोजने स्वतः तयार केलेली ओळख आहे. सलग सिरियल नंबर दिसला तर तो चिपचा स्वतःचा. एफटीडीआयच्या बाबतीत मात्र शेवटी नुसती शून्यं असतात, सिरियल नंबर त्याआधीच्या भागात असतो. सिरियल नंबर नसलेल्या उपकरणासाठी एक सॉकेट कायमचं ठरवा आणि सॉकेट व केबल दोन्हींवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. माझ्या मते याहून खात्रीचा उपाय नाही.

दुसरी चूक ‘इन यूज’ या शब्दांना घाबरण्याची. त्याच प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्जमधल्या अॅडव्हान्स्ड बटणाखाली नंबर हाताने बदलता येतो, पण यादीत निम्मे नंबर ‘इन यूज’ दिसतात. याचा अर्थ ते आत्ता कोणी वापरतंय असा नाही. ते कधीतरी कोणासाठी तरी राखून ठेवलेत, एवढाच. पूर्वी एकदा लावलेले बोर्ड, ब्लूटूथची जोडणी, सगळे आपापला नंबर अडवून बसतात. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा. फिकट दिसणाऱ्या नोंदी सध्या न जोडलेल्या उपकरणांच्या असतात. त्यातल्या ज्या नक्की नकोत त्याच एकेक करून अनइन्स्टॉल करा, आणि त्या वेळी ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीवर खूण करू नका.

याच टप्प्यावर काही जण थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात शिरतात. राखीव नंबरांचा हिशोब तिथे ‘कॉम नेम आर्बिटर’ नावाच्या की-मध्ये (नोंदीत) असतो आणि तो पुसून टाकायचा सल्ला सहज मिळतो. कृपया तसं करू नका. त्याने नको असलेल्यांबरोबर हव्या असलेल्या उपकरणांचंही आरक्षण जातं. मग आज न जोडलेल्या मशीनचा नंबर उद्या नव्या बोर्डाला मिळतो, आणि दोन्ही एकत्र जोडले की भांडण ठरलेलं.

उलटी अडचण तपासणी-विभागात येते. तिथे रोज नवे बोर्ड लागतात, प्रत्येकाचा सिरियल नंबर वेगळा, म्हणून प्रत्येकाला नवा कॉम नंबर. राखीव नंबरांची यादी २५६ वर संपते. अशा कॉम्प्युटरवर त्या ठरावीक उत्पादनाचा सिरियल नंबर दुर्लक्षित करायची सोय विंडोजच्या रजिस्ट्रीत आहे. मग नंबर सॉकेटप्रमाणे ठरतो आणि तिथे तेच हवं असतं.

नंबर ९ च्या पुढे गेला की जुनी सॉफ्टवेअर अडखळतात. वापरणाऱ्याने हाताने लहान नंबर द्यावा. विंडोजचं ‘क्रिएटफाइल’ फंक्शन थेट वापरून स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याने पोर्टच्या नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, टिंब आणि आणखी एक उलटी रेघ लावावी. त्याशिवाय कॉम१० आणि पुढचे पोर्ट उघडत नाहीत. लहान नंबरांनाही हे चालतं, म्हणून नेहमीच लावा.

‘अॅक्सेस डिनाइड’ आलं तर नंबरशी खेळू नका. पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो, आणि बहुधा कुठेतरी सिरियल मॉनिटर (पोर्टवरचा डेटा दाखवणारी खिडकी) उघडा राहिलेला असतो. पोर्ट यादीत येतच नसेल तर आधी केबल बदला, कारण नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. आर्डुइनो लिओनार्डो बोर्डावर प्रोग्राम चढवताना नंबर क्षणभर बदलतो, कारण त्याचा बूटलोडर (नवा प्रोग्राम चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) वेगळं उपकरण म्हणून समोर येतो. तो बिघाड नाही.

लिनक्सवर कॉम नंबराऐवजी ‘टीटीवाययूएसबी०’ असं नाव मिळतं. त्यातलं शून्य निव्वळ जोडण्याच्या क्रमाने मिळतं, त्यावर विसंबू नका. ‘डेव्ह’ फोल्डरच्या आत ‘सिरियल’ आणि त्यात ‘बाय-आयडी’ इथे स्थिर नावं असतात, ती वापरा. पण सीपी२१०२ या यूएसबी-सिरियल चिपच्या अनेक स्वस्त मॉड्यूलवर सिरियल नंबर ‘०००१’ असाच असतो. अशी दोन एकदम लावली की नावं एकमेकांवर येतात. तिथे सॉकेटवरून ठरणारी ‘बाय-पाथ’ची नावं घ्या. केबल उपसण्याआधी प्रोग्राम बंद करा, नाहीतर जुनं नाव अडकून राहतं आणि परत लावल्यावर शून्याऐवजी एक मिळतो. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावताच गायब होत असेल, तर ब्रेल डिस्प्लेसाठीची (अंधांसाठीच्या स्पर्शाने वाचायच्या उपकरणासाठीची) ‘बीआरएलटीटीवाय’ सेवा त्याला आपलं उपकरण समजून ताब्यात घेते. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ती काढून टाका.

आणि स्वतःचा प्रोग्राम असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये कॉम नंबर लिहूच नका. पायथॉनची पायसिरियल लायब्ररी प्रत्येक पोर्टचे दोन्ही आयडी, सिरियल नंबर आणि सॉकेटची जागा सांगते. सुरू होतानाच त्यावरून आपलं उपकरण शोधा. एकाहून जास्त जुळले तर कुठलंही एक उघडण्याऐवजी वापरणाऱ्याला विचारा.